डोंगरातील वणवा : थोड्या माणसांनी तो कसा आवरावा

फाल्गुन लागला म्हणजे दोंडाईच्याच्या बाजारातील लाल मिरचीची आवक ओसरू लागते, हरभऱ्याची खळी आटोपत येतात आणि रात्री तापीच्या काठावर उभे राहून उत्तरेकडे पाहिले असता सातपुड्याच्या अंगावर एखादी लाल ओळ सरकताना दिसू लागते. दुरून ती शोभिवंत दिसते. परंतु ज्या पाड्याच्या वरच्या अंगाला ती ओळ पेटलेली असते, तेथे त्या वेळी काय चाललेले असते याची कल्पना सपाटीवरील माणसास सहसा येत नाही. तेथे आठ-दहा माणसे असतात. पाणी खाली नाल्यातील एखाद्या डबक्यात असते. शहरातील बंब सारंगखेड्याचा पूल ओलांडून शहाद्यापर्यंत पोहोचला, तरी पुढे तोरणमाळच्या अंगाने चढणाऱ्या पायवाटांवर त्याचा काही उपयोग नाही. जी माणसे तेथे आहेत त्यांनीच, जे हातात आहे त्यानेच, काय ते करावयाचे असते.

हा प्रश्न केवळ सातपुड्यातील पाड्यांचा आहे असेही नाही. शिंदखेडा, साक्री व नंदुरबार ह्या तालुक्यांत काळ्या पाषाणाच्या लांबच लांब रांगा भिंतीसारख्या उभ्या आहेत. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. त्यातील बहुतेक पूर्व-पश्चिम दिशेने जातात. त्यांच्या दोन्ही अंगांवर कुसळी, पवन्या, मारवेल अशा गवतांची कुरणे असतात आणि पायथ्याशी शेते, गुरांचे वाडे व कडब्याच्या गंज्या असतात. डोंगर लहान, परंतु रस्ता नाही व पाणी नाही, ही अवस्था तेथेही तीच.

आग कशी लागते ह्याचा फार ऊहापोह येथे करावयाचा नाही. मोहाची फुले वेचण्यास सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविणे, टेंभुर्णीला कोवळी पालवी लवकर यावी म्हणून रान जाळणे, बांधावरील गवत व शेतातील पऱ्हाट्या पेटवून घरी निघून जाणे, मधाचे पोळे काढताना पेटता चूड खाली टाकणे, जळते थोटूक फेकणे ही कारणे सर्वांस ठाऊक आहेत. खानदेशातील वणवे मुख्यतः माणसाच्या हातूनच लागतात, हे एकदा मान्य केले म्हणजे पुरे.

वेगाचा हिशेब

थोड्या माणसांची सर्वांत मोठी चूक म्हणजे आगीचा पाठलाग करणे. ही चूक भित्रेपणाने नव्हे तर धैर्याने होते, म्हणून ती सांगून पटत नाही. हिशेब मांडून पाहिल्यास पटते.

उदाहरणार्थ, वाळलेल्या गवतात आगीचे तोंड वाऱ्याबरोबर मिनिटाला ५ मीटर पुढे जाते असे धरू. हा वेग काही फार नाही; सावकाश चालणारा मनुष्यही त्याहून लवकर जातो. २० मिनिटांत जळालेला पट्टा १०० मीटर लांब होईल आणि त्याची रुंदी लांबीच्या निम्मी धरल्यास त्याचा घेर सुमारे २४० मीटर भरेल. तासाभराने लांबी ३०० मीटर व घेर सुमारे ७२५ मीटर होईल. दोन तासांनी लांबी ६०० मीटर व घेर सुमारे १४५० मीटर. म्हणजे घेर दर मिनिटास १२ मीटर वाढत आहे. आता आठ माणसे डहाळ्यांनी झोडपून मिनिटाला ५ मीटर कड विझवीत आहेत असे समजा, आणि डोंगरात एवढे काम होणे म्हणजे पुष्कळ झाले. ती माणसे तासभर राबली, दोन तास राबली, तरी न विझलेली कड त्यांच्या कामापेक्षा दर मिनिटास ७ मीटरने वाढतच राहणार. जळालेले क्षेत्र तर तिप्पट वेळेत नऊपट होते. २० मिनिटांनी जे अर्ध्या हेक्टरापेक्षाही कमी होते, ते दोन तासांनी १४ हेक्टर भरते.

ह्या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, आग लागल्यापासून पहिल्या पाच-दहा मिनिटांत दोन माणसे जे करू शकतात ते पुढे पन्नास माणसांनाही जमत नाही. दुसरी अशी की, ती पहिली मिनिटे निघून गेली असल्यास सर्व घेर विझविण्याचा विचार सोडून द्यावा, आणि आग कोठे थांबवावयाची ती जागा निवडावी. जागा निवडणे म्हणजेच अलीकडचे किती रान जळू द्यावयाचे हे ठरविणे होय. हा निर्णय कठीण आहे. तो कोणीतरी एकाने, वेळेवर आणि मोठ्याने बोलून घ्यावा लागतो.

आगीचा स्वभाव

वणव्याला तोंड, दोन बगला व शेपूट असते. वाऱ्याच्या दिशेने धावते ते तोंड, मागे मंद धुमसत राहते ते शेपूट. तोंडाशी ज्वाला पुरुषभर उंच असतात, त्याच आगीच्या शेपटाशी त्या वीतभर असतात. थोड्या माणसांनी काम करावयाचे ते शेपटाकडून सुरुवात करून बगलांवर, तोंडासमोर कधीही नव्हे.

चढाचा परिणाम वाऱ्याइतकाच मोठा आहे. ऑस्ट्रेलियातील वनशास्त्रज्ञ मॅकआर्थर यांनी घालून दिलेला ठोकताळा असा की, चढ १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे २० अंशांच्या चढावर तो चौपट होतो. कारण उघड आहे. चढावर ज्वाला वरच्या गवताकडे झुकलेली असते आणि तिची ऊब ते गवत आधीच तापवून ठेवते. माणसाचे मात्र नेमके उलट असते. चढावर त्याचा वेग निम्मा होतो. म्हणून आगीच्या वरच्या अंगाला, चढावर, कोणीही उभे राहू नये. उलट, आग माथा ओलांडून पलीकडच्या उतारास लागली की तिचा वेग एकदम पडतो. थोड्या माणसांनी तिला गाठावयाचे ते तेथेच.

वेळेचेही तसेच आहे. दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान उन्हाने गवत कडकडीत वाळलेले असते आणि मार्चपासून खानदेशात पश्चिमेचा उष्ण वारा वाहत असतो. सूर्यास्तानंतर वारा पडतो, हवेतील ओलावा वाढतो, आणि उत्तररात्री तीन वाजल्यापासून उजाडेपर्यंत आग सर्वांत दुबळी असते. जे काम दुपारी वीस माणसांस झेपत नाही ते पहाटे सहा माणसे करतात. मात्र रात्री अनोळखी कड्यावर जाऊ नये. पाय घसरून पडणे हा वणव्यातील एक मोठा धोका आहे आणि त्याची गणती कोणी करीत नाही.

गवताच्या जातीकडेही लक्ष असावे. जुन्या पश्चिम खानदेश जिल्ह्यात रोशा तेलाचा धंदा प्रसिद्ध होता. त्या रोशा गवताचे जोमदार ठोंब अजूनही डोंगरउतारावर आहेत. तेलामुळे ते ओलसर असतानाही चटकन पेट घेते आणि ज्वाला उंच नेते. रोशाच्या पट्ट्यात झोडपण्याचा प्रयत्न न करता तो पट्टा संपेल तेथे वाट पाहावी.

आश्विन ते पौष : खरे काम ह्याच महिन्यांत

वनखाते आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरते आणि तत्पूर्वी राखीव जंगलांतील जाळरेषा साफ करून जाळून घेते. गावाने व शेतकऱ्यानेही आपले काम ह्याच्या आधी उरकले पाहिजे.

ह्यातील पहिले काम आगीचे नव्हेच, ते वैरणीचे आहे. कुरणातील गवत फुलोऱ्यावर असताना, म्हणजे साधारणतः ऑक्टोबरात, कापून वाळविले तर ती उत्तम वैरण होते. तेच उभे ठेवले तर त्यातील सत्त्व जाते, कुसळीला कुसळे येतात, ती जनावरांच्या तोंडात व कातडीत रुततात, आणि शेवटी फाल्गुन-चैत्रात ते गवत वैरण म्हणून निकृष्ट पण सरपण म्हणून अव्वल दर्जाचे बनते. पुष्कळ शेतकरी मजुरी महाग म्हणून गवत उभे ठेवतात व उन्हाळ्यात जनावरे सोडून चारतात. निदान ज्या पट्ट्यांवर आग थांबवावयाची, त्या पट्ट्यांतील गवत तरी प्रथम कापावे. गाडीवाट, नाला, खडकाळ जागा, नांगरलेली शेते ह्या गोष्टी आधीच आहेत. त्यांना जोडणारे पट्टे काढले म्हणजे थोड्या श्रमात कुरणाचे दोन-तीन भाग पडतात. गुडघाभर गवतासाठी पट्टा निदान ५ मीटर रुंद असावा. कंबरेएवढे गवत असल्यास त्याच्या दुप्पट. कापलेले गवत पट्ट्यातच पडू दिले तर पट्टा काढला न काढला सारखेच, म्हणून ते दाताळ्याने ओढून घरी न्यावे.

शेताच्या डोंगराकडील कडेला रब्बीचे पीक निघताच वखराच्या दोन पाळ्या द्याव्यात. गंज्या एकास एक लागून रचू नयेत. दोन गंज्यांत निदान १५ ते २० मीटर अंतर ठेवावे, वरून विजेची तार जाऊ देऊ नये, आणि भोवतालची जमीन खरडून मोकळी ठेवावी. सगळी वैरण एकाच जागी असणे राखणीला सोयीचे वाटते, परंतु एका ठिणगीसरशी वर्षाची बेगमी जाते.

पट्टा जाळून काढावयाचा मोह होतो. राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे, आणि जंगलालगतच्या स्वतःच्या जमिनीतही वनरक्षकास कळविल्यावाचून व पुरेशी माणसे हाताशी असल्यावाचून जाळ करू नये. कित्येक वणवे हे असे ‘राखणीसाठी’ लावलेलेच जाळ असतात.

वर्दी

हल्ली डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहांच्या साहाय्याने वणव्याच्या सूचना देते. हे काम २००४ पासून चालू आहे व सूचना भ्रमणध्वनीवर येतात. सोय मोठी आहे, पण तिची मर्यादा समजून घ्यावी. ह्या कामी मुख्यतः उपयोगी पडणारे उपग्रह दुपारी दीड व रात्री दीडच्या सुमारास डोक्यावरून जातात. दुपारी तीन वाजता लागलेली आग त्यांच्या नजरेस मध्यरात्रीनंतरच पडावयाची. तोपर्यंत वर दिलेल्या हिशेबाप्रमाणे काय झालेले असेल ते सांगावयास नको. म्हणून टेकडीवर गुरे चारणारा मुलगा हाच अजूनही सर्वांत जलद खबर देणारा आहे. कोणत्या टेकाडावर भ्रमणध्वनीस संपर्क मिळतो हे प्रत्येक गुराख्यास ठाऊक असावे, आणि वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ त्याला पाठ असावा. जंगलात चराईचा वा वनोपजाचा हक्क असलेल्यांवर उपरोक्त अधिनियमाच्या कलम ७९ नुसार आगीची वर्दी देण्याचे व ती विझविण्यास झटण्याचे बंधन आहे. तथापि कायद्याच्या धाकाने कोणी चैत्राच्या उन्हात डोंगर चढत नाही. साक्री तालुक्यातील बारीपाडा ह्या गावाने १९९० नंतरच्या काळात श्री. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने स्वतःच नियम करून आपले जंगल राखले, श्री. पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. ज्या गावाला जंगल आपले वाटते त्या गावाची माणसे धूर दिसताच निघतात. पहिल्या दहा मिनिटांचा लाभ मिळावयाचा तो त्यांनाच.

एक कल्पित प्रसंग

आता वरील गोष्टी प्रत्यक्षात कशा लागू पडतात ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. एक पूर्व-पश्चिम रांग आहे. तिच्यावर ४० हेक्टरांचे कुरण आहे. पश्चिमेच्या टोकापासून एक किलोमीटरवर रांगेत खिंड आहे व तिच्यातून आडवी गाडीवाट जाते. खिंडीच्या पश्चिमेस २५ हेक्टर व पूर्वेस १५ हेक्टर गवत आहे, आणि पूर्वेच्या टोकाला आठ घरांचा पाडा, गुरांचे वाडे व गंज्या आहेत. उत्तरेला उघडा काळा खडक आहे, दक्षिणेला वखरलेली शेते आहेत. चैत्रातील एका दुपारी सव्वातीन वाजता पश्चिम पायथ्याशी बांध जाळताना आग कुरणात शिरली. साडेतीनला पाड्यावर धूर दिसला. हाताशी नऊ माणसे आहेत. चार पुरुष, तीन बायका व दोन तरुण मुले.

पहिला विचार मनात येतो तो धावत जाऊन आग विझविण्याचा. पाड्यापासून तेथवर चालत जावयास निदान अर्धा तास लागणार. तोवर आगीचे तोंड दोनशे-सव्वादोनशे मीटर पुढे आलेले असेल, तेही चढावर आणि वारा पाठीशी घेऊन. नऊ माणसांनी तिच्यासमोर जावयाचे नाही, हे म्होरक्याने येथेच सांगितले पाहिजे. म्होरक्या कोण हे आग लागण्यापूर्वी ठरलेले असावे. वयाने वडील म्हणून नव्हे, तर डोंगर ज्याच्या पायाखालचा आहे व ज्याचे इतर ऐकतात, त्याला नेमावे.

मग पश्चिमेकडील २५ हेक्टर सोडून द्यावयाचे. हा तोटा लहान नाही. हेक्टरी फक्त एक टन वाळलेले गवत धरले तरी ते २५ टन होते, आणि जनावरामागे दिवसाला सव्वासहा किलो धरल्यास ५० जनावरांची ८० दिवसांची, म्हणजे पाऊस पडेपर्यंतची, वैरण त्यात आहे. ज्यांचे गवत त्या बाजूला आहे ते विरोध करणार आणि त्यांचा विरोध खोटा नाही. म्हणूनच असा प्रसंग आल्यास कोणता भाग सोडावयाचा आणि ज्याचे जळाले त्यास इतरांनी किती वैरण द्यावयाची, हे गावाने मार्गशीर्षातच बसून ठरवून ठेवावे. आगीच्या तोंडाशी वाद करण्यास वेळ नसतो. राखण्याचा क्रम मात्र वादातीत आहे : प्रथम माणसे, मग घरे व जनावरे, मग गंज्या व उभे पीक, मग दोन-तीन वर्षांचे रोपवन, आणि गवत सर्वांत शेवटी. गवत मृगाच्या पावसाने पुन्हा फुटते. कोवळे रोप फुटतेच असे नाही.

जागा खिंडीची निवडावयाची. पश्चिमेकडून आग माथ्यावर चढेल व तेथून खिंडीकडे उतरू लागेल, म्हणजे वाटेपाशी ती मंद होईल. मिनिटाला ५ मीटर ह्या हिशेबाने ती तेथे साडेसहाच्या पुढे पोहोचेल, म्हणजे सूर्यास्ताच्या बेताला. उत्तरेला खडक व दक्षिणेला वखरलेले रान असल्याने राखावयाची ओळ फक्त २५० मीटरची उरते. एक मुलगा वर्दी देण्यास संपर्काच्या टेकाडावर जाईल. एक माणूस शिट्टी घेऊन खिंडीच्या पूर्वेकडील उंच खडकावर बसेल. त्याने आगीकडे व वाऱ्याकडे पाहण्यापलीकडे काहीही करावयाचे नाही. उरलेल्या सातांच्या वाट्याला प्रत्येकी ३५ मीटर वाट येते. वाटेच्या पश्चिम कडेचे गवत तीन मीटर रुंदीत कापून काढावयाचे व ते पूर्वेकडे लांब नेऊन पसरून टाकावयाचे. ते आगीच्या बाजूला टाकले तर ऐन ओळीवरच ज्वाला उंच होते. दोन तासांत हे काम उरकते. पाड्यावरील म्हाताऱ्या माणसांनी तोवर दावी सोडून जनावरे वखरलेल्या शेतात न्यावीत व मुलांनाही तेथेच बसवावे.

आग वाटेशी येते त्या वेळी पाच जणांनी ओळीवर व दोघांनी पाठीवरचे फवारणी पंप घेऊन ओळीच्या मागे वीस-तीस मीटरवर राहावे. ठिणगी उडून मागे पडते ती ह्या दोघांनी टिपावयाची. सर्वांचे डोळे ज्वालेकडे असतात आणि वणवा पाठीमागून निसटतो, असे पुष्कळदा घडते. ओळ तुटलीच तर कोणीही ती पुन्हा धरण्याचा प्रयत्न न करता वाटेने दक्षिणेच्या वखरलेल्या शेतात उतरावे, आणि तेथून पाड्याकडे जाऊन गंज्यांभोवतीचे रान मोकळे करावे. शिट्टीच्या तीन लांब आवाजांचा अर्थ हाच, हे आधी सर्वांना सांगितलेले असावे.

वाटेच्या कडेपासून सामोरी आग लावून मधले गवत जाळून टाकण्याची युक्ती वनखात्याचे अनुभवी लोक वापरतात. सात माणसांनी तिच्या नादी लागू नये. लावलेली आग धरून ठेवण्यास न लावलेल्या आगीपेक्षा जास्त हात लागतात.

साधने व शरीर

डोंगरावर गेल्यावर ओली डहाळी मिळेल ह्या भरवशावर राहू नये. फाल्गुन-चैत्रात सागाचे, सालईचे, पळसाचे झाड निष्पर्ण असते. करंज, जांभूळ, कडुनिंब अशा पालेदार झाडांच्या डहाळ्या गावातूनच तोडून न्याव्यात. काठीला बांधलेले ओले गोणपाटही चालते. झोडपताना डहाळी डोक्यावर उचलून आपटल्यास ठिणग्या चौफेर उडतात; ती ज्वालेवर दाबून जळालेल्या बाजूकडे ओढावी. दाताळे, विळे, कुऱ्हाड व फावडे एवढ्यावर बहुतेक काम भागते. वनखात्याकडे पाला उडविणारी फुंकणी यंत्रे असतात व पाचोळ्याच्या रानात त्यांचा फार उपयोग होतो, परंतु इंधन संपले की ती ओझे होऊन बसतात.

कापूस-मिरचीच्या ह्या मुलखात फवारणी पंप घरोघरी आहे. १६ लिटरांचा पंप म्हणजे पाठीवर वीस किलोंच्या आसपास ओझे. त्याने ज्वाला विझवावयाची नसते. झोडपून मंद झालेली कड व धुमसणारे खोड थंड करण्यास ते पाणी जपून वापरावे. पंप आधी तीन वेळा धुवावा. औषधाचा अंश उष्णतेने वाफ होऊन नाकात गेल्यास विषबाधा होते. त्यातील पाणी पिण्यास तर कधीही वापरू नये.

कपडे सुती असावेत. नायलॉन, टेरिलीनसारखे कापड वितळून अंगाला चिकटते. पायांत वहाणा नकोत, बूट हवेत. नाकावरचा ओला रुमाल धुरातील काजळी अडवितो, विषारी वायू अडवीत नाही. म्हणून ज्वालेजवळ दहा-पंधरा मिनिटांहून अधिक वेळ एकाने राहू नये. डोके दुखू लागणे किंवा माणूस असंबद्ध बोलू लागणे ही त्या वायूची खूण होय. चैत्राच्या उन्हात माणशी निदान चार-पाच लिटर पिण्याचे पाणी व थोडे मीठ-साखर बरोबर न्यावयास पाहिजे, आणि हे पाणी वाहून नेणाऱ्यास आगीच्या कामातून पूर्णपणे मोकळे ठेवावे.

संकटात सापडल्यास जळून काळे झालेले रान हीच सुरक्षित जागा, हे प्रत्येकाच्या मनावर ठसले पाहिजे. अमेरिकेतील मोंटाना संस्थानातील मान गल्च नावाच्या दरीत ५ ऑगस्ट १९४९ रोजी सोळा जणांच्या एका तुकडीवर गवताची आग चढावरून धावून आली. तुकडीचा नायक वॅग्नर डॉज याने पुढचे गवत स्वतः पेटविले आणि त्या राखेत तो पालथा पडून राहिला. इतरांना त्याचे करणे समजले नाही. ते चढावर धावत सुटले. तेरा जण मृत्यू पावले. डॉज वाचला. ह्या गोष्टीचा अर्थ ऐन वेळी गवत पेटवावे असा कोणी घेऊ नये. ही युक्ती आधी कोणास सांगितलेली नव्हती म्हणूनच ती इतरांच्या उपयोगी पडली नाही. आपल्या देशात ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतील कुरंगणीच्या डोंगरात गवताळ उतारावर सापडलेल्या गिर्यारोहकांपैकी वीसहून अधिक जण दगावले. वाढलेल्या गवताच्या चढावर ज्वालेशी शर्यत जिंकता येत नाही. काम करताना दर थोड्या वेळाने ‘काळे रान कोणत्या बाजूस, व तेथवर जावयास वाट आहे काय’ हे म्होरक्याने सर्वांस विचारीत राहावे.

ज्वाला दिसेनाशी झाल्यावर

आग थांबली म्हणून सर्वजण घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटताच तीच आग पुन्हा उठते. गवताची राख तासाभरात थंड होते, परंतु वाळलेल्या शेणाच्या पोवट्या, जुनी खोडे व वठलेली झाडे दोन-दोन दिवस आतल्या आत धुमसत राहतात. कडेपासून दहा मीटर आतपर्यंतचा प्रत्येक पोवटा उलथून मातीत घासावा. हाताची पालथी बाजू जवळ नेऊन ऊब तपासावी. चढावरचे जळते लाकूड गडगडत खाली येऊन न जळालेल्या गवतात पडू शकते, म्हणून ते आडवे करून दगडांची ओट लावावी. पेटलेल्या उभ्या वठलेल्या झाडाखाली मात्र कोणी जाऊ नये. दोन ताज्या दमाची माणसे दुसऱ्या दिवशीच्या सूर्यास्तापर्यंत, विशेषतः दुपारी बारा ते पाच, ओळीवर ठेवावीत. नऊ माणसांतून दोघांना आदल्या रात्री मुद्दाम झोपावयास पाठविले असेल तरच ती ताज्या दमाची मिळतात.

गंजी, गोठा वा पीक जळाले असल्यास जागा तशीच ठेवून महसूल खात्याकडून पंचनामा करून घ्यावा. जळालेल्या कुरणात पहिल्या पावसानंतर हिरवे कोंब दिसू लागताच गुरे सोडण्याची घाई होते. पवन्या व मारवेल ही गवते मुळांत साठविलेल्या सत्त्वावर फुटत असतात; ते कोंब खाल्ले गेल्यास चांगले गवत मरते व त्याच्या जागी कुसळी व निरुपयोगी तण माजते. असे कुरण पावसाळा लागल्यापासून निदान सहा आठवडे बंद ठेवावे. तेवढ्या काळात त्या जनावरांची सोय राखलेल्या १५ हेक्टरांतील व इतरांनी कबूल केलेल्या वैरणीतून करावयाची असते.